वरची बांगडी

चहाचं आधण ठेवलं होतं. खिडकीतलं तिरपं ऊन पितळी डब्यांवर येऊन बसलं होतं, आणि दूधवाल्याच्या सायकलची घंटा गल्लीच्या टोकाला विरून जाईपर्यंत मी उगीचच ऐकत राहिले होते. सासूबाई देवघरात फुलं निवडत होत्या. अशा वेळी घर पुरतं जागं झालेलं नसतं, आणि खरं तर आपणही नसतो.

तेवढ्यात दारावर थाप पडली. कडी वाजवणं नाही, सरळ पंजाची थाप. अशी थाप आमच्याकडे एकच बाई मारते, शहाजादी मणेर.

दार उघडलं, तर काखेत बांगड्यांचं बोचकं आणि डोळे रात्रभर न मिटल्यासारखे.

"इतक्या सकाळी गं?"

"आत तर येऊ द्या, वहिनी. पावण्यागत दारात काय उभं करताय?"

नेहमीच्या जागी, मधल्या दाराच्या उंबऱ्यापाशी ती टेकली. बोचकं मात्र सोडलं नाही. मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

लग्न होऊन मी या गल्लीत आले, त्यानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माझा हात हिनंच हातात घेतला होता. तिचं बांगड्या भरणं म्हणजे एक गुंगीच. पंजा दाबत दाबत असा मऊ करायची, की हाडं विरघळली असं वाटावं. तोंडानं गल्लीभरच्या गप्पा चालू, आणि काच कधी मनगटावर उतरली ते आपल्याला कळतही नसे. दोन्ही हात भरून झाले, की उजव्या हातात आणखी एक चढवायची. "ही वरची. आशीर्वादाची. हिचं पैसं न्हाईत." मग आपण तिला नमस्कार करायचा. ही तिच्या आईची, खतिजाबीची शिकवण. वरची घातल्याबिगर बाईचा हात सोडायचा नाही. मोजूनमापून दिलं की बरकत जाते.

पण बरकत गेली ती दुसऱ्याच वाटेनं. पोरी बाजारात जाऊन प्लॅस्टिकच्या बांगड्या आणायला लागल्या. जत्रांना पेटी घेऊन फिरणारा तिचा नवरा फक्रुद्दीन दम्यानं घरी बसला. हिनं एम्प्लॉयमेंटच्या ऑफिसात नाव घातलं, तर तिथल्या कारकुनानं विचारलं, "काय येतं?" ही म्हणाली, "बांगड्या भरायला येत्यात." तो हसला, पण वाईट हसला नाही असं तिनं मला दोनदा सांगितलं.

मग गेल्या वर्षी, पेपर वाचता वाचता मला एक बातमी दिसली. सरकारचं नवं धोरण आलं होतं. जिथं कारखाने तिथं कामाचं शिक्षण, आणि त्यात बायकांनाही जागा. कॉलेजात मी अर्थशास्त्र घेतलं होतं. बेकारीवरचं उत्तर परीक्षेला पाठ करून लिहिलेलं. त्या उत्तरातली बाई आपल्या उंबऱ्यापाशी येऊन बसेल, असं तेव्हा कुठं ठाऊक होतं? गावात मोटार वाइंडिंगचा वर्ग निघत होता. विजेच्या मोटारीत तांब्याच्या तारेचे वेढे भरायचं काम. अट सातवी पास. शहाजादी सातवी पास होती.

सासूबाई म्हणाल्या, "मणेराची सून मोटारी बांधणार? मग आमच्या हातात बांगड्या कोण, वायरमन भरणार?"

"भरंल की, आत्या! फकस्त हात धरताना पान्हा घेऊन येईल," असं म्हणून ती गेलीच वर्गाला.

आणि रमली. दुपारी वर्गावरून येताना डोकावायची तेव्हा तिच्या बोटांना तारेवरच्या वॉर्निशचा वास असायचा. शिकवणारे गणपतराव तोंडाचे फटकळ, पण एकदा म्हणाले, "बाई, तुमचा हात तारेला दुखवत न्हाय." ते वाक्य तिनं आठवडाभर चघळलं. तिला स्वप्नंही तशीच पडायला लागली. बावड्याकडचं उसाचं रान, चांदणं, आणि लांबवर कुठंतरी पंप घुमतोय. "पानी चाललंय, वहिनी, सरीसरीतनं. आन् मला ठावं असतंय, त्या पंपाच्या पोटात, अंधारात, मी घातलेलं तांब्याचं कांकण हाय. कुनाला दिसत न्हाय. पर हाय." हे ऐकताना माझ्याही हातातलं लाटणं थांबायचं. तेव्हापासून कुठल्याही मोटारीचा आवाज मला नुसता आवाज वाटत नाही.

परवा तिची परीक्षा झाली. उद्यमनगरातला एक कारखाना वर्गातल्या दोन पास बायकांना उमेदवार म्हणून घेणार होता. तिथं वर्षभर शिकली की कायमची नोकरी. एक जागा भरली होती. दुसरी हिचीच, असं सगळे धरून चालले होते.

"काय झालं परीक्षेचं?" मी चहाचा कप पुढे केला.

"मोटार घुमली की," ती कपाकडे बघत म्हणाली. "पर मीटरवर बसंना. तारंच्या गुंडाळ्यांच्या तीन जोडण्या, तिन्हीचं माप सारकं यायला पायजे. तिसरीचं जादा येतंय. मास्तरनं उकलून मोजलं. शेवटच्या जोडणीत, हरेक गुंडाळीला एकेक वेढा जादा."

"चुकून?"

"चुकून कुठलं!" ती एकदम हसली, आणि हसता हसता डोळे भरले. "हात सोडताना वरचा एक घातलाच की मी. मला कळलंबी न्हाय. मास्तर म्हनले, 'शहाजादीबाई, ही काय नवरी हाय व्हय? मोटारीला आशीर्वाद नगं, सारकं माप पायजे.'"

देवघरातून सासूबाईंचं हसू ऐकू आलं, आणि लगेच थांबलंही.

सोमवारी तिची परत परीक्षा होती. ही शेवटची. नापास झाली, तर जागा दुसऱ्या बाईला.

"मग आता नीट मोजून घाल," मी म्हटलं. किती सोपं होतं म्हणणं.

"मोजतीया. रातभर सुतळीवर केलं. मोजून झालं की हात थांबतोय, पर जीव थांबत न्हाय. असं वाटतंय, कुनाच्या तरी घरचं काय तरी मी मागं ठेवलं. आन् मग डोळा चुकवून बोट एक वेढा घालून मोकळं." तिनं हात उलटे करून बघितले, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. "हे सुतळीवर सुटायचं न्हाय. बाईच्या हातावर लागलंय, बाईच्या हातावरच सुटंल. गल्लीत धोंडुबाईला इचारलं. ती म्हनली, सवाष्णीचा हात बिनवरचीचा सोडतीस? अपशकुन करायला आलीस?"

देवघरात फुलं निवडण्याचा आवाज बंद झाला होता. ऊन डब्यांवरून सरकून माझ्या मनगटावर आलं होतं.

शहाजादीनं बोचक्याची गाठ सोडली. हिरव्या काचा उन्हात उजळल्या. तिनं माझा पंजा हातात घेतला, पण दाबला नाही.

"वहिनी, आज दोन्ही हातांत सारक्याच भरू द्या. वरची मागू नगा."