नटीच्या वाढदिवसाचे पेढे

आमचे अण्णा वर्षातून एकदा कळंबच्या बाजारात पेढे वाटायचे. माझ्या वाढदिवसाला नाही, आईच्या तर नाहीच नाही. हॉलिवूडच्या एका जुन्या नटीच्या वाढदिवसाला! आडतीवर आलेल्या शेतकऱ्याच्या हातावर पोतं उतरवायच्या आधी पेढा पडायचा. "कशाचा म्हणायचा हा, मालक?" असं त्यानं विचारलं की अण्णा भिंतीवर लक्ष्मीशेजारी टांगलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोकडं बोट करायचे. तो बिचारा दोन्ही फोटोंना हात जोडून पेढा तोंडात टाकायचा.

त्या बाईचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरात ते देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं गेलंय, तेवढं पुरे.

हैदराबादला शिकताना अण्णांनी तिचे सिनेमे पाहिले आणि धान्याची आडत चालवतानाही ते खूळ गेलं नाही. रविवारी दुकानावरच्या खोलीत गावातले शिकलेले लोक जमायचे. भाड्याच्या व्हीसीआरवर सिनेमा व्हायचा, मग अण्णांचं भाषण. आई आणि मी चहा करून दाराशी ठेवायचो. आत यायची परवानगी नव्हती. त्या बाईची सगळी कारकीर्द मला दाराआडूनच पाठ झाली.

"बाप म्हणला, नटी झालीस तर तंगडं तोडीन. ही एक पेटी उचलून निघाली! लई जिगरीची बाई," अण्णा मांडीवर थाप मारून सांगायचे. सिनेमा कंपनीच्या मालकांनी तिचं नाव बदललं, भुवया बदलल्या, काय खायचं नि कुणाबरोबर फिरताना दिसायचं तेही ठरवलं. टुकार भूमिका नाकारल्या म्हणून घरी बसवलं, तेव्हा ती कोर्टात गेली. इथं अण्णांचा आवाज चढायचा. "मालक असले म्हणून काय झालं? बाई म्हंजे काय त्यांच्या दावणीची गाय हाय व्हय?"

सगळे माना डोलवायचे. गावात अण्णांना सुधारक म्हणत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण आमच्याच माडीवर जन्मली असावी.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी जगताप सरांनी नाटक बसवायला घेतलं. हे सर रविवारी आमच्याकडं यायचे. मी नाव दिलं आणि मुख्य भूमिका मिळाली. झोपेतसुद्धा संवाद म्हणायचे, इतकी मी त्यात बुडाले होते. तालमी रंगात आल्या आणि अण्णांना कळलं. ते तसेच कॉलेजात गेले नि सरांना सांगून माझं नाव काढून आले. चपला काढता काढता म्हणाले, "आपल्या घरच्या पोरीनं तोंडाला रंग फासायचा न्हाय. आडतीवर लोक काय बोलतील?"

"पण अण्णा, तुमची ती बाई..."

"ती अमेरिकेत. आपण कळंबात."

पुढच्या रविवारी जगताप सर आले, चहा प्याले, भाषण ऐकून मान डोलवली. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ईट नावाच्या गावात लावून दिलं. मी अण्णांना कधीच माफ केलं नाही, आणि आता करायचाही विचार नाही.

पुढं मोबाईल हातात आल्यावर मी त्या बाईचे सिनेमे पाहिले. बाई खरंच मोठी होती. तिच्यावर माझा राग नव्हताच. अण्णांना ती आवडायची, कारण ती कधी कळंबला येणार नव्हती.

यंदा अण्णा गेले. शोकसभेत त्यांच्या फोटोशेजारी नटीचाही फोटो ठेवला होता, दोघांनाही हार. जो उठेल तो म्हणे, बाईमाणसाची कदर करावी तर अण्णांनी. मग काठी टेकत जगताप सर माईकशी गेले आणि म्हणाले, आता अण्णांच्या कन्या दोन शब्द बोलतील. मी स्टेजवर चढले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यासाठी बापाला मरावं लागलं.

काय करायचं ते मी एसटीतच ठरवून आले होते. "अण्णांनी मला ताठ मानेनं जगायला शिकवलं," असं म्हणून थांबले. पदर डोळ्यांना लावला. आवाज जिथं फुटायला हवा तिथंच फुटू दिला. पुढच्या रांगेतल्या बाया हुंदके द्यायला लागल्या. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

खाली उतरले तर जगताप सर रुमालानं डोळे पुसत उभे होते. "काय बोललीस गं सुनंदा! तू तर नाटकात पायजे होतीस."

"नाव दिलं होतं की, सर," मी म्हटलं.