सासूबाई आत जाऊन भेटल्या

शंभर वर्षांपूर्वीचं नाटक म्हटल्यावर ते सोवळंच असणार, हा माझा समज. नांदी, चार पदं, शेवट गोड. मलिंगार या आयरिश गावातल्या आमच्या हॉस्पिटलातली एक नर्स तिथल्या हौशी नाटकमंडळीत काम करते. तिने शताब्दीच्या प्रयोगाचे पास दिले आणि मी डोळे झाकून ते घेतले. गोष्ट काय आहे, हे विचारलंसुद्धा नाही. एवढी शिकलेली डॉक्टर, पण बावळट ती बावळटच.

एरवी चाललं असतं, पण बरोबर सासूबाई होत्या. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना अकोल्याहून इकडे आणलं होतं. सासरे अर्धांगवायूने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले, त्यात स्वभावाने जमदग्नी. त्यांचं सगळं सासूबाईंनीच केलं. इथे आल्यापासून त्या दिवसभर खिडकीशी बसत आणि रात्री खोलीत फेऱ्या घालत. आई पार खचली आहे, असं नवऱ्याचं ठाम मत. घरात बाबांचा विषय काढायचा नाही, असा त्याने नियमच करून टाकला होता. नाटकाने जरा मन रमेल, हे मात्र मी त्याच्या गळी उतरवलं.

रविवारी दुपारी प्रयोग होता. पडदा उघडला तर समोर प्रेत. इथल्या रीतीप्रमाणे घरातच ठेवलेलं, भोवती शेजारीपाजारी चहा पीत बसलेले, आणि उशाशी काळ्या कपड्यांत आमची नर्स, त्याची विधवा. नवऱ्याने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी त्याच्याकडे पाहायचंच टाळलं.

सासूबाईंना इंग्रजी बेताचंच, म्हणून मी कानाशी लागून सांगत होते. नर्स पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, आज मी सुटले. याच वाक्यावर म्हणे शंभर वर्षांपूर्वी लोकांनी खुर्च्या फेकल्या होत्या आणि पाद्र्यांनी नाटकाला शिव्याशाप दिले होते. मी घाईघाईने कुजबुजले, “तिला नवऱ्याची फार आठवण येतेय.”

“खोटं काहून सांगून राहिली?” सासूबाई म्हणाल्या. “तोंड पाह्य तिचं.”

मग मी खरं ते सांगितलं. मध्यंतरात मी डबा उघडला तर त्यांनी कोथिंबीरवडीला हातही लावला नाही. नवरा म्हणाला, “आई, निघूया का आपण?”

“पुरं पाहू दे मले.”

नाटक संपलं की आत जाऊन नटांना भेटायचं, ही आपल्याकडची रीत. इथले लोक टाळ्या वाजवून सरळ पबकडे वळतात. सासूबाई मात्र शाल सावरत स्टेजच्या बाजूच्या दाराकडे निघाल्या, त्यांच्या मागे आम्ही दोघं.

नर्स आरशासमोर रंग पुसत होती. सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि मला म्हणाल्या, “सांग तिले. या वेळी जसंच्या तसं सांग. हे गेले त्या रात्री मी गाढ झोपली. कित्येक वर्षांनी झोपली. सकाळी उठली अन् स्वतःचीच लाज वाटली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.”

मी जसंच्या तसं सांगितलं. नर्सने त्यांना जवळ घेतलं. नवरा दारातच उभा होता. आता हा बिथरणार, असं मला वाटलं.

“आई,” तो म्हणाला, “घरून फोन आला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. आता होत नाही. मलाही त्याचीच लाज वाटते.”

“येडा आहेस,” असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

गाडीत बसल्यावर त्यांनी डबा मागितला आणि चार वड्या खाल्ल्या. पहिल्या राउंडअबाउटपाशीच त्यांची मान कलंडली आणि त्या घोरायला लागल्या. घर आलं, पण नवऱ्याने गाडी थांबवली नाही.