ओटी भरली अन् अर्ज मागे गेला

जवळ ये पोरी. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, ओसरीवर माझ्या बाजूलेच बसली आहेस असं समज अन् ऐक. परवा फोनवर म्हणालीस, "आजी, राजकारण घाण असते, आम्ही नाही त्यात पडत." शिकल्यासवरल्या पोरीनं असं बोलावं काय?

आपल्या शेजारची सून आठवते ना, तुझ्याच वयाची, डी.एड. झालेली? मागच्या ग्रामपंचायतीले आपल्या वॉर्डात बायायची जागा होती. तिनं अर्ज भरला. कारण एकच. शाळेतले पाचवी ते सातवीचे वर्ग नाल्यापलीकडच्या गावी न्यायचं चाललं होतं. कापूस वेचता वेचता ती बायायले सांगे, "मी निवडून आली तर ग्रामसभेत भांडीन, वर्ग जाऊ देणार नाही."

मग गावातले जाणते मारुतीच्या पारावर बसले अन् त्यायनं दुसऱ्याच एका बाईचं नाव पक्कं केलं. आपल्या गावाले बिनविरोधचा भारी अभिमान. पाहुण्यायले सांगतेत, आमच्या गावात भांडण नाही. तू एवढी मोठी झालीस, गावच्या निवडणुकीत कधी बटण दाबलं का? मशीन आली तर दाबशील.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी सकाळीच बाया तिच्या घरी आल्या, मागून ते जाणते. तिले पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली. "गावाचा मान ठेव माय," म्हणाले. भरलेली ओटी कोणती सून परत करते? मीही तिथंच होती, ती माझ्याकडे पाहून राह्यलती.

मी म्हटलं, "ओटीनं शाळा चालते काय जी?"

"बुढे माय, तू चहा घे," एक जण म्हणाला. सगळे हसले.

तिनं आत जाऊन फोन लावला. "अर्ज भरा, आम्ही पाठीशी आहो" म्हणणारे आपल्या गावचे तरणे पोरं सगळे पुण्या-नागपुरात. एक म्हणे, "वहिनी, एका मतासाठी ट्रॅव्हल्सनं कोण येते? आम्ही स्टेटस ठेवतो ना." ती बाहेर आली, पदर सावरला अन् त्यायच्याच जीपमध्ये बसून तालुक्याले गेली, अर्ज मागे घ्यायले.

त्या जागेवर जी बाई आली ती पंचायतीत बसलीच नाही, तिच्या खुर्चीत तिचा नवरा बसते. वर्ग गेले. ग्रामसभेत मी उठलती, पण एकट्या म्हातारीचा आवाज केवढा? पावसाळ्यात नाल्याले पूर येते. काही पोरी घरीच राहिल्या. माझ्या पुतण्याची पोरगी सातवीत असती, आता बायायसंगं वावरात निंदायले जाते.

पारावरचे लोक काही दुष्ट नाहीत. त्यायचे नातू दिग्रसच्या इंग्रजी शाळेत बसनं जातेत, त्यायले नाला दिसतच नाही. तो ज्यायले दिसते, ते तुम्ही तरणे लोक, गावात नाही अन् सभेतही नाही. मग ठरवायचं ते म्हातारेच ठरवतेत.

सून आता कोणाशी फारशी बोलत नाही. मी म्हटलं, "पुढच्या वेळी पुन्हा भर अर्ज." तर म्हणे, "कोणाच्या भरवशावर, आजी?"

तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे. मतदानाले येशील तेव्हा येशील, पण त्याच्या आधी ये. पोळ्याले ये, उशीर नको करू. माझ्याकडे जेव अन् मग तिच्याजवळ जाऊन बस. माझं सांगणं तिले आता पटत नाही.