चौथ्या पोथीतली ओळ

"ही माझी विद्यार्थिनी. अक्षर फार सुंदर आहे हिचं. पोथ्या आम्ही वाचायच्या, उतरवून हिने काढायच्या." सर पाहुण्यांना सांगत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जा, चहाचं बघ."

नाशिकच्या कॉलेजातलं दोन दिवसांचं चर्चासत्र. चाळीस माणसं. प्रत्येकाच्या हातात सरांचा नवा छापील निबंध. विषय माझ्या पीएचडीचा. ज्यूंचा एक प्राचीन ग्रंथ, जगाच्या अंताची दर्शनं सांगणारा. मूळ भाषेत त्याचे तुकडेच उरले. अख्खा ग्रंथ जगवला तो इथिओपियातल्या पोथ्या उतरवणाऱ्यांनी, त्यांच्या गीझ भाषेत. सरांना ती येत नाही. मी शिकले. आठ पोथ्यांचे फोटो चार वर्षं ओळ न् ओळ ताडून पाहिले. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात माझे आभार होते. टंकलेखनाबद्दल.

मी चहाचं बघितलं. त्याची आजही लाज वाटते.

पहिल्या वर्षी सरांनी विचारलं होतं, तुमच्या लोकांना हा विषय कशाला, तुमचे विषय आहेत की. त्या ग्रंथात पिचलेली माणसं राजांना जाब विचारतात, म्हणून तो मला परका वाटला नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढे सर अचानक गोड बोलायला लागले. पोथ्या ताडलेल्या वह्या माझ्याकडे ठेव, सुरक्षित राहतील, म्हणाले. तेव्हाच पाल चुकचुकली होती. एकेक वही देण्याआधी मी झेरॉक्स काढली, दुकानदाराकडून तारखेचा शिक्का मारून घेतला.

संध्याकाळी नाशिक रोडला घरी आले आणि निबंध झेरॉक्सशी ताडायला बसले. सरांचा सगळ्यात मोठा शोध असा: चौथ्या पोथीत एक ओळ नाही, म्हणजे ती ओळ इतरांत मागाहून घातलेली, म्हणून हीच पोथी सर्वांत जुन्या परंपरेची. माझ्या वहीतही तेच, 'ओळ नाही'. फोटो उघडला. ओळ होती. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दांवर संपत होत्या, 'आणि मी पाहिलं'. माझी नजर एक ओळ गाळून पुढे गेली होती. सरांनी तो फोटो एकदाही उघडला नव्हता.

सांगावं तर सर म्हणणार, कोट्यातून आलेली, हिला वाचताच येत नाही. गप्प बसावं तर चार वर्षं सरांच्या नावावर. वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडं बिघडलेल्या कामावर पण करणाऱ्याचीच सही असायची. चूक तुझीये ना? मग तूच दाखव."

दुसऱ्या दिवशी प्रश्नांच्या वेळी उठले. चौथ्या पोथीचा फोटो पडद्यावर लावला, ती ओळ वाचली, अर्थ सांगितला. मग माझ्या वहीची झेरॉक्स दाखवली, तिथेही 'ओळ नाही'. आमच्या अभ्यासात इतर कुठे नसलेली एखादी चूक दोन प्रतींत सारखीच सापडली, तर एकीवरून दुसरी उतरवली असं धरतात. माझ्या झेरॉक्सवरची तारीख सरांच्या निबंधाच्या आधीची होती.

सर हसले. "बघा, स्वतःच कबूल करतेय. हिला पोथी वाचता येत नाही."

"चूक माझी आहे सर," मी म्हणाले. "म्हणजे कामही माझंच आहे."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पाहुणे घड्याळ बघत राहिले. बाहेर एका मॅडमनी हळूच सांगितलं, पाण्यात राहून माशाशी वैर नको. त्या माझ्या बाजूने बोलत होत्या की सरांचा निरोप आणला होता, मला अजून कळलेलं नाही.

तक्रार केली आहे. मार्गदर्शक बदलून मागितलाय. समितीत सरांचेच मित्र आहेत, म्हणून प्रत्येक कागदाची पोच घेते. तोंडी शब्दावर माझा आता विश्वास नाही.

त्या ग्रंथातली माणसं न्यायासाठी शेवटच्या दिवसाची वाट बघतात. मी बघणार नाही. पदवी मिळो न मिळो, आठही पोथ्या पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतल्यात. छापेन ते माझ्या नावाने. आणि त्यात पहिली टीप माझ्या चुकीची असेल.