इकडे दिलेलं, तिकडे घेतलेलं

वडिलांना आम्ही आधी ज्या शुश्रूषा केंद्रात ठेवलं होतं, तिथल्या कागदावर त्यांच्याबद्दल ‘बोलत नाहीत’ अशी नोंद होती. प्रत्यक्षात ते दिवसभर बोलत असत. फक्त मराठीत. पक्षाघातानंतर त्यांचं इंग्रजी गेलं. ज्या भाषेत त्यांनी सगळी नोकरी केली, पुलांचे आराखडे तपासले, कंत्राटदारांशी वाद घातले, ती पार पुसली गेली आणि खालची मराठी तेवढी राहिली. “जरा मऊ भात द्या हो,” असं ते नर्सला म्हणायचे. नर्स चांगली होती, पण तिला वाटायचं आजोबा स्वतःशी गुणगुणतात. दीड महिन्यात त्यांचं वजन नऊ किलोंनी उतरलं.

म्हणून त्यांना दुसरीकडे हलवलं. न्यू जर्सीत पार्सिपनीतल्या आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटं. तिथे एक अख्खा मजला भारतीय म्हाताऱ्यांचा आहे. दुपारी वरण-भात किंवा खिचडी-कढी मिळते. सकाळच्या पाळीला एक गुजराती बाई असतात. वडिलांचं मराठी त्यांना निम्मं कळतं, उरलेलं त्या अंदाजाने ओळखतात. वडील त्यांना आक्का म्हणू लागले. आक्का म्हणजे त्यांची पुण्यातली थोरली बहीण, माझी आत्या. बाईंनीही कधी ‘मी आक्का नाही’ असं सांगितलं नाही. “खा लो भाई,” म्हणत त्या घास भरवायच्या आणि वडील निमूटपणे खायचे. त्या मजल्यावरची ती एक खाट म्हणजे त्यांचा जीव होता, असं मी म्हणालो तर त्यात अतिशयोक्ती नाही. पहिल्या केंद्रात काय झालं ते मी वजनकाट्यावर पाहिलं होतं.

खाटेचे महिन्याला तेरा हजार डॉलर. सुरुवातीचे काही आठवडे व्यायाम-उपचार चालू होते, तेव्हा म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, पैसे देत होता. पुढे ‘आता सुधारणा होत नाही’ असं ठरलं आणि तो थांबला. मग वडिलांची बचत गेली, आईच्या माघारी विकलेल्या घराचे पैसे गेले. अडीच वर्षांत त्यांचं खातं रिकामं झालं. पुढचे तीन महिने मी माझ्या खिशातून भरले. उरलेला मार्ग मेडिकेड, आणि ती गरिबांसाठीची सरकारी मदत, एवढंच मला माहीत होतं. वडिलांनी आयुष्यात बेकारभत्तासुद्धा घेतला नव्हता. त्यांच्या नावाने सरकारपुढे हात पसरायला माझं मन तयार होईना.

ते मन वळवलं इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत बायकोने त्यांना आमची अडचण सांगितली. काकूंचे यजमान दोन वर्षं अशाच केंद्रात होते.

“अगं, पैसे संपले ना त्यांचे? मग आता सरकार भरतं,” काकू म्हणाल्या. “आणि नुसतं पुढचं नाही. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांचंही मंजूर होतं. तुम्ही भरलेलं केंद्राकडून परत मिळतं. आम्ही घेतलं की.”

“यांना लाज वाटते,” बायकोने माझ्याकडे हनुवटीने खूण केली.

“लाज? एवढी वर्षं टॅक्स भरला त्या माणसाने! लाज वाटायची तर त्या केंद्राला वाटू दे, बिल लावताना. तू श्रीखंड घे.”

अर्ज मी स्वतः भरला. मला असली कामं जमतात. घरातलं प्रत्येक बिल मी जपून ठेवतो, त्यावरून बायको-मुलगी हसतात. अर्जासोबत वडिलांच्या खात्याचे मागच्या पाच वर्षांचे सगळे व्यवहार द्यायचे होते. या पाच वर्षांत म्हाताऱ्याने पैसे कुणाला देऊन टाकले असतील, तर तेवढ्या रकमेचा खर्च सरकार उचलत नाही. नियम मला पटला होता. उद्या कोणीही सगळं मुलांच्या नावावर करील आणि हात झटकून मोकळा होईल. आमच्याकडे लपवायचं काही नव्हतं. मी अर्ज पाठवला आणि परत मिळणाऱ्या एकोणचाळीस हजारांचं काय करायचं, हेही मनात ठरवून टाकलं. मुलीचं कॉलेज दोन वर्षांवर आलं होतं.

दीड महिन्याने विचारणा आली. वडिलांच्या खात्यातून एका तरुणाच्या नावाने चार मोठे चेक गेले होते. मिळून सहासष्ट हजार. हा तरुण कोण? हे पैसे कशाचे?

मला उत्तर माहीत होतं, म्हणून मी घाबरलो नाही. तो वडिलांच्या पुण्यातल्या मित्राचा उशिरा झालेला मुलगा. इथे मास्टर्स करायला आला होता. मित्राला रुपयांचे डॉलर करून पाठवण्याचा खटाटोप नको होता, आणि वडिलांना त्याच सुमाराला पुण्यात पैसे हवे होते. आत्या पडली होती, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, पुढे ती अंथरुणालाच खिळली. तिला मूलबाळ नाही. दोघा मित्रांनी फोनवर दोन वाक्यांत ठरवलं. तू इकडे पोराची फी भर, मी तिकडे आक्कांचं बघतो. आपल्या लोकांत हे किती घरांत चालतं ते सांगायला नको. कुणी व्हर्जिनियात हर्नडनमध्ये भाच्याचं भाडं भरतं आणि त्याबदल्यात नागपुरात कुणी फ्लॅटचा मेंटेनन्स भरतं. लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास दाखवणं. वडील मोजमापाच्या बाबतीत माझ्याहून काटेकोर होते, पण मित्राकडून पावती मागणं त्यांच्या डोक्यातही आलं नसतं.

“तुमच्या घराण्यात सगळं तोंडीच,” बायको म्हणाली. “माझं लग्नसुद्धा तोंडीच ठरलं. कोणी पुरावा मागितला तर मी कुठून आणू?”

मी शनिवारी सकाळी पुण्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. वडिलांचे मित्र, त्यांनाही मी काकाच म्हणतो, आधी वडिलांबद्दल बरंच बोलले. मग मी काम सांगितलं.

“पावत्या? अरे, ऑपरेशनची फाइल आहे, नर्सिंग ब्यूरोच्या बायांचे पैसे मी बँकेतूनच देत आलोय. दिवसाची एक, रात्रीची एक. तुझ्या बापाने सांगितलं होतं, आक्काला हयगय नको. नाही होऊ दिली.” मग म्हणाले, “दिवाळीलाच हिशेब फिटला खरं तर. पण अशी कशी बाई बंद करू? चाललंय अजून.”

म्हणजे दिवाळीपासून ते स्वतःच्या पेन्शनमधून आमच्या आत्याला सांभाळत होते, आणि बोलले नव्हते. मी म्हणालो, या महिन्यापासून मी पाठवतो. ते “बघू रे, घाई काय आहे” म्हणाले. आठवडाभरात त्यांनी सगळं स्कॅन करून पाठवलं. ऑपरेशनची बिलं, ब्यूरोला दिलेले महिन्या-महिन्याचे पैसे, शिवाय नोटरीसमोर सही केलेलं प्रतिज्ञापत्र. मी त्या त्या तारखेच्या दराने रुपयांचे डॉलर केले. सहासष्ट हजारांच्या आसपास बेरीज जुळली, चारशेचा फरक आला. एवढा चोख पुरावा कुणी दिला नसेल, या खात्रीने तो मी आधी एका वकीलबाईंना दाखवायला नेला. म्हाताऱ्यांचीच कामं करणाऱ्या, साठीच्या, फार न बोलणाऱ्या बाई.

त्यांनी शांतपणे सगळं वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, “म्हणजे तुमच्या वडिलांनी या मुलाला पैसे भेट दिले नाहीत.”

“नाही. मोबदला पुरेपूर मिळाला.”

“कुणाला मिळाला?”

मी आत्याचं नाव सांगितलं.

“तुमच्या वडिलांना काय मिळालं?”

मी फाइलची पानं मागेपुढे केली. बाहेर त्यांची सेक्रेटरी फोनवर कुणाला तरी पार्किंग समजावून सांगत होती, ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

“तुम्ही एवढंच सिद्ध केलंय,” बाई म्हणाल्या, “की भेट मुलाला नव्हती, बहिणीला होती. कायद्याच्या दृष्टीने भेट ती भेटच. बहिणीला सांभाळायची त्यांच्यावर कायद्याने जबाबदारी होती का?”

कायद्याने नव्हती, हे मला कबूल करावं लागलं. दुसरं कशाने होती ते इंग्रजीत सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ती मान सहानुभूतीची होती, होकाराची नव्हती.

मी तरीही सगळं पाठवलं. खरं तेच पाठवायचं होतं. निर्णय तसाच आला. सहासष्ट हजारांना केंद्राच्या खर्चाने भागून पाच महिने. एवढे महिने सरकार पैसे देणार नव्हतं, आणि ते माझ्या खिशातून गेलेल्या पहिल्या महिन्यापासून मोजायचे होते. त्यातले तीन मी भरलेलेच होते, ते परत मिळण्याची आशा संपली. पुढच्या दोन महिन्यांचं बिल अर्जाच्या भरवशावर थकलं होतं. त्यानंतरचे महिने सरकारचे, पण मधली थकबाकी कुणीतरी भरायला हवी होती. केंद्राच्या हिशेबखात्यातल्या बाई दर वेळी मला लिफ्टपाशी गाठून हसून हवापाण्याचं विचारायच्या. निर्णयानंतर त्यांनी हवेचं विचारलं नाही. तीस दिवसांची मुदत दिली. नाहीतर दुसरीकडे जागा बघून देऊ, म्हणाल्या. जागा होती. आमच्या वडिलांचं नऊ किलो वजन जिथे गेलं, तिथेच.

वकीलबाईंनी एक वाट सांगितली होती. ज्याला पैसे मिळाले त्याने ते परत केले, तर भेट झालीच नाही असं धरता येतं. मग तीनही महिने परत मिळतील, थकबाकीही सरकार उचलेल.

तो मुलगा आता टेक्सासमध्ये फ्रिस्कोत नोकरी करतो. मला तो काका म्हणतो आणि वडिलांना आजोबा. मी फोन केला तेव्हा तो गाडी चालवत होता.

“काका, एक मिनिट, बाजूला घेतो.” गाडी थांबल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं.

“काका, राग नका मानू. पण बाबांनी तिकडे दिलेच ना सगळे? मग मी परत केले तर आम्ही दोनदा दिल्यासारखं होतं.”

“बरोबर आहे तुझं.”

“आणि इकडे टीममध्ये ले-ऑफ चाललेत. व्हिसा आहे. पण ते सोडा.” मग तो म्हणाला, “आजोबा मला पहिल्या थंडीत जॅकेट घ्यायला स्वतः घेऊन गेले होते. दोन साइज मोठं घेतलं, म्हणाले अजून वाढशील. चोवीस वर्षांचा होतो मी!” तो हसला, मलाही हसू आलं. “एक करू या का? मी कर्ज काढतो, इकडे आजोबांना वायर करतो. तुमचं काम होऊ दे. तुम्ही मग सावकाश तिकडे बाबांना देऊन टाका. इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. कोण बघतंय पुण्यातलं?”

वडिलांनी अगदी असंच ठरवलं असतं. त्यात त्यांना काही वावगं दिसलं नसतं. तेव्हा तर तो साधा शेजारधर्म होता. पण आता मला नियम माहीत होता, आणि पैसे ‘परत आले’ अशी सही मला करायची होती. मी नको म्हणालो.

“तुमचे कागद पाठवले तेव्हाच बाबांनी हे सुचवून ठेवलं होतं,” तो म्हणाला. “म्हणाले, तो नको म्हणेल. विचारून बघ फक्त.”

मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले सव्वीस हजार मी काढले आणि मुदत संपायच्या आत केंद्रात भरले. बायको एवढंच म्हणाली, “खाट राहिली ना?” खाट राहिली. त्या महिन्यापासून मेडिकेड पैसे देतं. हिशेबाच्या बाई पुन्हा हवापाण्याचं विचारतात.

आत्याचे पैसे आता मी पाठवतो, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, माझ्या खात्यातून. परवा मुलगी माझ्या शेजारी बसून बँकेचं काहीतरी बघून देत होती. दर महिन्याला इंडियात कुणाला पाठवतोस, असं तिने इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. आत्याआजीला तिने लहानपणी एकदाच पाहिलंय. तिने ते नाव दोनदा मनाशी म्हणून बघितलं आणि पुढच्या पानावर गेली. मी पंचावन्नचा आहे. माझे आजोबा पक्षाघाताने गेले, वडिलांना तोच झाला. पाच वर्षांचं गणित मला आता पाठ आहे, पण ते मला पाठ असून काय उपयोग? ते मला तिला सांगता यायला हवं, आणि तेही इंग्रजीत.

रविवारी वडिलांना भेटायला गेलो. गुजराती बाई त्यांना चमच्याने वरण-भात भरवत होत्या. वडिलांनी मला ओळखलं, जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, “आक्काचे पैसे गेले का रे?”

“गेले,” मी म्हणालो.

त्यांनी समोरच्या बाईंकडे बघून मान डोलावली, आणि पुढचा घास घेतला.