भावोजींची गरम फरशी

सिंगापुरात घर गरम करायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका आमच्याच नात्यातला निघाला. माझ्या यजमानांचे हे धाकटे मावसभाऊ, म्हणजे माझे भावोजी. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, दिलेलं कर्ज बुडेल का याची काळजी करण्याचा त्यांना पगार मिळे आणि घरी आल्यावर तेच काम ते फुकट करत. वीज कडाडली की एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, बसलेल्या माणसाला धोका असतो का, हे त्यांनी मला एकदा एमआरटीतूनच फोन करून विचारलं होतं. कुलूप लावून लिफ्टपर्यंत गेले की गॅस बघायला परत येत आणि गॅस बंदच आहे असं दिसलं की तो आपण बंद केल्याचं आठवत कसं नाही, म्हणून आणखी बेचैन होत. लग्न त्यांनी केलंच नाही. "पुढे काय होईल याची खात्री कोण देणार, वहिनी?" असा त्यांचा सवाल असे.

वडील गेल्यावर भावोजींनी आईला, म्हणजे आमच्या मावशींना, पुण्याहून बुकित तिमाहच्या आपल्या कॉन्डोत आणलं. घरभर संगमरवरी फरशी आणि उकाड्याने आईचं ब्लडप्रेशर वाढेल या धास्तीने एअरकॉन दिवसरात्र चालू. महिनाभरातच मावशी म्हणाल्या, "फरशी फार गार लागते रे पायांना. मी आपली पुण्याला जाते." भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी असताना आई पडली तर, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना. घरात सपाता घाल म्हणावं, तर देव आहेत त्या घरात पायांत काही घालायचं नाही हा मावशींचा नेम. मोजे घातले तर आई घसरेल, गालिचा टाकला तर अडखळेल, एअरकॉन बंद केला तर घाबरी होईल. राहता राहिला एकच उपाय, फरशीखाली हीटिंग.

मग निवड सुरू झाली. विजेच्या तारांची घ्यावी की गरम पाण्याच्या नळ्यांची? तारांनी शॉक बसला तर आणि नळी फुटून खालच्या मजल्यावर गळायला लागली तर? थंड देशातल्या एका कंपनीला त्यांनी फोन लावला. तिकडच्या माणसाने विचारलं, तुमच्याकडे हिवाळा किती कडक असतो? भावोजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, "हिवाळा नसतो, पण आमचा एअरकॉन चांगला आहे." त्यावर पलीकडच्या माणसाने देशाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं म्हणे. "एअरकॉन जरा कमी करा," असं मी सुचवून पाहिलं. "आणि आईला काही झालं तर?" ते म्हणाले.

एका शनिवारी कंपनीकडून नमुना आला, तारा गुंफलेली चटईएवढी पट्टी. तो बघायला मी गेले, तेव्हा भावोजी बाहेरच्या खोलीत तिचं माहितीपत्रक वाचत होते. मावशींनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "फरशीचं निमित्त गं. पुण्यात काय फरशी गरम होती? हा घरी येतो, गोळी घेतलीस का विचारतो, खिडक्या तपासतो, की बसला लॅपटॉपवर. माझी काळजी करतो, पण माझ्याजवळ बसत नाही. पोटच्या पोराला हे कसं सांगायचं?" मग त्यांनी डोळे पुसून मला चहाला लावलं.

बाहेर पट्टी सुरू झाली. तिला तापायला वेळ लागणार होता आणि कुठे जास्त तापली तर आईचा पाय भाजेल, म्हणून भावोजी तिच्यावर हात ठेवून आईशेजारीच जमिनीवर बसले. हलायची सोय नव्हती. मावशी बोलायला लागल्या. "तुझे बाबा स्वतःच्या लग्नाला निघाले आणि अर्ध्या वाटेतून घराचं कुलूप बघायला परत गेले होते. मी मांडवाच्या दारात ताटकळत उभी." भावोजी मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी प्रथमच पाहत होते. पट्टी छान तापली होती, मी स्वतः हात लावून पाहिला. मावशींनी दोन्ही पाय ठेवले, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "उजवीकडे कमी तापते रे. दुसरी कंपनी बघ."

दुसरी आली, तिसरी आली. कोरियाची जरा चटका देते, जर्मनीची तापायला फार वेळ घेते. प्रत्येक नमुन्यावर मायलेकरं संध्याकाळभर बसत आणि मावशी काहीतरी खोड काढत. पुण्याला जायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. भावोजींसारखा चिकित्सक माणूस दर वेळी मुकाट्याने ती खोड मान्य कशी करतो, याचं मला नवल वाटे.

पुढे काही वर्षांनी मावशी त्याच घरात वारल्या. दिवस झाल्यावर मी भेटायला गेले तेव्हा भावोजी जमिनीवर बसले होते, नुसत्या संगमरवरावर. मीही शेजारी टेकले. फरशी खरंच फार गार होती.

"पहिलाच नमुना चांगला होता, वहिनी," ते म्हणाले. "पण तसं म्हटलं असतं, तर आमचं बसणं संपलं असतं."