सुगंधाबाईंची निळी पत्रं

नव्वद साली देवपुरातल्या आमच्या गल्लीत एक बातमी अगदी पक्की होती: दवाखान्यातून रिटायर झालेल्या सुगंधाबाई पोस्टमन तोतारामवर भाळल्यात. पुरावा? दर रविवारी चर्चमधून आल्या की खिडकीशी बसून निळं आंतरदेशीय लिहायचं, आणि सोमवारी सायकलची घंटी वाजली की बाई ओट्यावर हजर. बातमी शेजारच्या कमलबाईने पिकवलेली, म्हणजे तिला वजन होतं.

खरं एवढंच की पत्रं तोतारामला नव्हती, आणि ती पेटीत पडतही नव्हती. ती होती अभिमनला. बाईंचा एकुलता एक, यावल डेपोत कंडक्टर. ओट्यावर त्या उभ्या राहायच्या ते त्याचंच काही आलं असलं तर, म्हणून.

सात वर्षांपूर्वी नवरा वारला. तार मिळूनही अभिमन हातातली फेरी पुरी करूनच निघाला आणि पोचला तो दफन उरकल्यावर. तरी त्याने कबरीवर टाकायला वाकून मूठभर माती उचलली. बाई साऱ्या मंडळीसमोर कडाडल्या, "राहू दे. तुझी माती नको त्यांना."

त्याने मूठ उघडली, तिकिटांची पेटी खांद्याला अडकवली आणि गेला. परत आला नाही.

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली बाकापाशी आली की बाई मान खाली घालून ती पुढे सरकवत. घरात अबोला ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे आईने शिकवलेलं. पाळकसाहेब म्हणाले, "मग लिहा की त्याला."

"लिहिते ना. पण मन शांत असताना लिहिलेलंच टाकीन."

तिथेच घोडं अडलं. सुरुवात छान व्हायची: जेवतोस ना वेळेवर, यावलचं ऊन सोसतं ना. चौथ्या ओळीत पेन आपोआप वळायचं, 'तू वेळेवर आला असतास तर.' प्रार्थना करून बसलं तरी तेच. मग पत्र बाजरीच्या डब्यामागे. शेवभाजी केली की ताट एकच वाढायचं, हे हाताला अजून जमत नव्हतं. स्टँडवर गेल्या की यावलच्या गाडीत डोकावायच्या. कंडक्टर दुसराच असायचा.

त्या वर्षी श्रावणात कबरीची माती पायथ्याकडून खचली. कबरस्तानातला फावडंवाला म्हणाला, "दोन पाट्या टाकतो, बाई." बाईंच्या तोंडून एकदम निघालं, "नको. ते मुलाचं काम आहे."

घरी आल्या. बुधवार होता, तरी लिहायला बसल्या.

'चि. अभिमन, बाबांच्या कबरीची माती खचली आहे. मी कोणाला टाकू दिली नाही. तू ये.'

दोनदा वाचलं. कुठे टोचलं नाही. तोताराम आला तसं त्याच्याच हातात दिलं. कमलबाईने अर्थातच खांद्यावरून सगळं वाचलं होतं.

"सात वरीस लिखं, आनि इतलंच वं अक्का? आनि पोऱ्या नही उना तं?"

सुगंधाबाई म्हणाल्या, "नाही आला तर रविवारी दुसरं टाकीन. आणि तोतारामची वाट आता मी पावडर लावून बघणार, कमल. सांगून ये गल्लीत."